उंची सोडण्याचे शहाणपण

'स्टॉल' हा शब्द व्यापारी घरांना नवा नाही. ग्राहकपेठेत किंवा प्रदर्शनात चार दिवसांसाठी घेतलेली जागा म्हणजे स्टॉल. मोटार चालविणाऱ्यांना त्याचा आणखी एक अर्थ ठाऊक असतो. चढावर क्लच लवकर सुटला की गाडी गचका देते आणि इंजिन बंद पडते. वैमानिकांच्या बोलीत मात्र याच शब्दाला तिसराच अर्थ आहे आणि त्याचा इंजिनाशी थेट संबंध नाही. वर्तमानपत्रात 'विमान स्टॉल झाले' असे छापून आले की बहुतेक वाचक इंजिन बंद पडले असे समजतात. हा समज किती चुकीचा आहे, हे २००९ सालच्या दोन उड्डाणांवरून स्पष्ट दिसते.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून यूएस एअरवेजचे एअरबस ए-३२० जातीचे विमान १५५ जणांना घेऊन निघाले. ते सुमारे २,८०० फुटांवर असताना कॅनडा गूज नावाच्या मोठ्या पाणपक्ष्यांचा थवा वाटेत आला आणि दोन्ही इंजिनांची शक्ती जवळजवळ संपली. मुक्या जिवांचे प्राण गेले, आणि विमानाकडे पुढे ढकलणारे बळ उरले नाही. तरीही कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी ते सुमारे साडेतीन मिनिटे हवेत तरंगत नेले आणि हडसन नदीच्या पाण्यावर उतरविले. सर्वच्या सर्व १५५ जण वाचले.

त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, १ जून २००९ रोजी, एअर फ्रान्सचे ए-३३० विमान ब्राझीलमधील रिओ द जानेरोहून पॅरिसकडे जात असताना अटलांटिक महासागरात कोसळले. विमानातील २२८ जणांपैकी कोणीही वाचले नाही. त्याची दोन्ही इंजिने अखेरच्या क्षणापर्यंत उत्तम चालली होती. पंख शाबूत होते, इंधन भरपूर होते, आणि तीन वैमानिक विमानात होते.

इंजिने गमावलेले विमान सुखरूप उतरते आणि धडधाकट इंजिनांचे विमान पडते, हे कोडे उलगडायचे असेल तर पंख विमानाला कसा उचलतो हे आधी पाहावे लागते.

विमानाचा पंख पुढे जाताना समोरून येणाऱ्या हवेला खाली वळवितो आणि त्या बदल्यात हवा पंखाला वर उचलते. यातील मोठा वाटा पंखाच्या वरच्या, किंचित फुगीर पाठीचा असतो. हवा त्या पाठीला बिलगून मागे जाते आणि मागच्या कडेवरून खाली उतरते. त्यामुळे वरच्या बाजूस हवेचा दाब घटतो, खालच्या बाजूस तो तुलनेने अधिक राहतो. स्वयंपाकघरातही याची थोडीफार कल्पना येऊ शकते. नळाच्या बारीक धारेला चमच्याची पाठ हलकेच टेकविली, तर धार सरळ न पडता त्या गोलाईला चिकटून वळते. चमचा फार तिरपा केला की धार पाठ सोडते आणि वाट्टेल तशी उडते.

पंखाचेही असेच आहे. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यामधील कोनाला 'अँगल ऑफ अटॅक' म्हणतात. हा कोन वाढविला की आरंभी उचल वाढत जाते. नाक थोडे वर केल्यावर विमान चढते ते यामुळेच. परंतु या वाढीला मर्यादा आहे. सामान्य पंखांच्या बाबतीत साधारण १५ अंशांच्या आसपास ती मर्यादा येते. त्यापलीकडे हवा पंखाच्या पाठीला बिलगून राहू शकत नाही. ती सुटते, भोवरे होऊन फिरू लागते, उचल झपाट्याने घटते आणि विरोध मात्र वाढतो. या अवस्थेचे नाव स्टॉल. पंख जागेवर असतो, इंजिन चालू असते, पण पंखाचा आणि हवेचा संबंध तुटलेला असतो.

व्यापाऱ्याला ही अवस्था समजण्यास जड जाऊ नये. पेढीवर नावाची पाटी झळकत असते, गोदामात माल भरलेला असतो, नोकरचाकर कामावर असतात, परंतु उधारी अडकून पडलेली असते आणि फिरते भांडवल थांबलेले असते. बाहेरून पाहणाऱ्याला दुकान उभे दिसते, आतून मात्र त्याला उचलून धरणारे काहीच उरलेले नसते.

येथे दोन गोष्टी नीट लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, वेगाची. वेग कमी झाला की तेवढीच उचल मिळविण्यासाठी पंखाला अधिक कोन घ्यावा लागतो. म्हणून वेग घटत असताना वैमानिक उंची टिकविण्यासाठी नाक वर वर करीत गेला, तर तो नकळत त्या मर्यादेकडे सरकत असतो. परंतु केवळ वेगाकडे पाहूनही चालत नाही, कारण वेग पुरेसा असतानाही कोन ओलांडता येतो. विमान ६० अंश कलवून त्याच उंचीवर वळविले तर पंखांवरील भार दुप्पट होतो. सरळ उड्डाणात ५० नॉट वेगाला स्टॉल होणारे विमान अशा वळणात सुमारे ७० नॉटलाच स्टॉल होते. स्टॉलचे खरे कारण कोन हेच आहे, वेग हे त्याचे एक लक्षण.

दुसरी गोष्ट, कोन कशाशी मोजायचा याची. तो क्षितिजाशी मोजायचा नसून समोरून येणाऱ्या हवेशी मोजायचा असतो. विमान खाली पडत असेल तर हवा त्याच्याकडे खालून येत असते. अशा वेळी नाक थोडेसेच वर दिसत असले, तरी पंखाचा हवेशी होणारा कोन भयंकर मोठा असू शकतो. अटलांटिकवरील त्या रात्रीचे रहस्य बव्हंशी याच वाक्यात आहे.

आता उपाय. स्टॉल झालेल्या पंखाला पुन्हा कामाला लावायचे असेल, तर कोन कमी करावा लागतो, म्हणजे नाक खाली करावे लागते. आधीच पडत असलेल्या विमानाचे तोंड जमिनीकडे वळवायचे! बुद्धीला हे पटते, हाताला पटत नाही. खाली पडणाऱ्या माणसाचा प्रत्येक स्नायू त्याला वर ओढण्यास सांगत असतो, आणि विमानात वर ओढणे म्हणजे दांडा मागे घेऊन कोन आणखी वाढविणे. जगण्याची धडपडच येथे मरणाकडे नेते.

या विद्येची किंमत विमानाचा जन्म होण्यापूर्वीच मोजली गेली होती. जर्मनीचे ओटो लिलिएंथाल यांनी बिनइंजिनाच्या पंखांवरून सुमारे दोन हजार झेपा घेतल्या. ९ ऑगस्ट १८९६ रोजी अशाच एका उड्डाणात त्यांचे पंख स्टॉल होऊन ते सुमारे १५ मीटर उंचीवरून कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मृत्यूच्या वार्तेने अमेरिकेतील डेटन गावच्या दोन सायकल-दुकानदार बंधूंना उड्डाणाच्या अभ्यासाकडे ओढले. विल्बर आणि ऑर्व्हिल राईट यांनी पुढे आपल्या विमानाचे नाक वर-खाली करणारे छोटे पंख शेपटीकडे न ठेवता पुढे ठेवले. लिलिएंथाल यांच्यासारखा अंत टळावा, हा त्यामागील एक हेतू होता. या रचनेमुळे स्टॉल झाल्यावर त्यांचे यान नाकावर न आदळता बरेचसे सपाट खाली बसत असे. दुसऱ्याच्या अपघाताकडे दोष काढण्यासाठी न पाहता शिकण्यासाठी पाहावे, हा विमानविद्येचा शिरस्ता तेव्हापासूनचा आहे.

पुढे विमानांना सावध करणारी साधनेही आली. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या डाव्या पंखाच्या पुढील कडेला एक लहान छिद्र असते. कोन धोक्याजवळ गेला की तेथील हवेचा दाब घटतो आणि छिद्रामागच्या पट्टीतून हवा ओढली जाऊन, हार्मोनियमच्या पट्टीतून निघावा तसा सूर निघतो. मोठ्या विमानांपैकी अनेकांत वैमानिकाच्या हातातील दांडाच थरथरू लागतो, आणि काहींत त्यापुढे जाऊन यंत्र स्वतःच दांडा पुढे ढकलते. तरीही साधन इशाराच देऊ शकते. तो ऐकणे माणसाच्या हाती राहते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी, म्हणजे हडसनवरील घटनेनंतर महिनाभरातच, अमेरिकेतील बफेलो विमानतळाकडे उतरत असलेल्या क्यू-४०० विमानाचा वेग वैमानिकांच्या नकळत घटत गेला. दांडा थरथरला. कॅप्टनने तो पुढे न करता मागे ओढला. यंत्राने दांडा पुढे ढकलला, तेव्हाही त्याविरुद्ध जोर लावला. विमानातील ४९ आणि जमिनीवरील एक, असे ५० जीव गेले.

अटलांटिकवरील विमानाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. ते ३५,००० फुटांवर वादळी ढगांच्या प्रदेशातून जात होते. कॅप्टन नियमानुसार विश्रांतीसाठी गेले होते आणि दोन सहवैमानिक जागेवर होते. वेग मोजणाऱ्या पिटॉट नावाच्या नळ्यांमध्ये बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे परस्परांशी जुळेनात, म्हणून स्वयंचलित यंत्रणेने ताबा सोडला. याच जातीच्या विमानांत नेहमीच्या स्थितीत संगणक वैमानिकाला स्टॉलचा कोन ओलांडूच देत नाही. पण वेगाची माहितीच अविश्वसनीय ठरल्यामुळे हे संरक्षणही त्या वेळी उरले नव्हते.

येथवर घडलेले काहीही जीवघेणे नव्हते. नाकाची पातळी आणि इंजिनाची शक्ती होती तशी ठेवली असती, तर विमान सरळ जात राहिले असते. नळ्यांतील बर्फही एका मिनिटाच्या आसपास निघून गेला. परंतु अंधारात, धोक्याच्या घंटांच्या गदारोळात, विमान चालविणाऱ्या सहवैमानिकाचा हात मागे गेला. विमान सुमारे ३८,००० फुटांपर्यंत चढले, वेग गमावून बसले आणि स्टॉल झाले. 'स्टॉल, स्टॉल' असा यंत्राचा आवाज एका टप्प्यावर सलग ५४ सेकंद होत राहिला. दांडा मागेच होता.

त्यानंतर एक विलक्षण विपरीत घडले. कोन इतका वाढला आणि नोंदला जाणारा वेग इतका घसरला की, ६० नॉटच्या खालची माहिती संगणकाने खोटी मानली आणि इशारा बंद केला. वैमानिकाने नाक किंचित खाली केले की वेगाची नोंद पुन्हा ग्राह्य ठरे आणि इशारा पुन्हा वाजू लागे. म्हणजे योग्य कृती केली की धोक्याची हाक येई, आणि चुकीची कृती केली की शांतता पसरे. त्या गोंधळलेल्या माणसांना ही शांतता काय सांगत असेल, याची कल्पनाही अस्वस्थ करणारी आहे.

दीड मिनिटाच्या सुमारास कॅप्टन धावत परत आले. तोवर विमान मिनिटाला सुमारे दहा हजार फूट वेगाने खाली येत होते. नाक वर होते, इंजिने पूर्ण जोरात गर्जत होती, आणि पंखाचा हवेशी होणारा कोन ४० अंशांच्या पुढे गेला होता. पाण्यावर आदळण्यास मिनिटही उरलेले नसताना सहवैमानिकाच्या तोंडून निघाले की, आपण तर बराच वेळ दांडा मागेच ओढून धरला आहे. कॅप्टनने लगेच, वर नको, असे सांगितले. दांड्याची खरी स्थिती त्या कक्षात तेव्हा स्पष्ट शब्दांत बोलली गेली, आणि ती ऐकून सावरण्याइतकी उंची आता शिल्लक नव्हती. स्वयंचलित यंत्रणा सुटल्यापासून सागरापर्यंतचा सारा काळ साडेचार मिनिटांहून कमी होता.

विमानाच्या नोंदपेट्या दोन वर्षांनी, मे २०११ मध्ये, सुमारे ३,९०० मीटर खोल समुद्रतळावरून काढण्यात आल्या. फ्रान्सच्या तपास संस्थेने जुलै २०१२ मध्ये अंतिम अहवाल दिला. त्यात वैमानिकांच्या कृतींइतकाच विचार यंत्राच्या रचनेचा आणि शिक्षणातील उणिवांचा होता. एवढ्या उंचीवर स्वतःच्या हाताने विमान चालविण्याचा आणि तेथील स्टॉल ओळखण्याचा सराव त्या वैमानिकांना देण्यातच आला नव्हता. मृतांवर सारा दोष टाकून हिशेब बंद करणे सोपे असते. पण पुढच्या प्रवाशांचे प्राण त्याने वाचत नाहीत.

हडसनवर काय वेगळे घडले, ते आता उमगते. इंजिने गेल्यावर सलेनबर्गर यांच्याकडे खर्च करण्याजोगी एकच पुंजी होती, ती म्हणजे उंची. त्यांनी नाक खाली ठेवून ती पुंजी हळूहळू खर्च केली आणि त्या बदल्यात वेग विकत घेतला. वेगामुळे पंखांवर हवा वाहत राहिली आणि विमान शेवटपर्यंत ताब्यात राहिले. अटलांटिकवर उंचीची पुंजी तेरापट होती, परंतु ती योग्य वेळी सोडली गेली नाही.

यातील सर्वांत विचार करण्याजोगी बाब शिक्षणाविषयीची आहे. अनेक वर्षे वैमानिकांच्या स्टॉल-परीक्षेत 'कमीत कमी उंची गमावून सावरणे' याला मान होता. हेतू चांगला होता, परंतु त्यातून शिकणाऱ्याच्या मनात एक चोरटी भावना रुजे की उंची गमावणे म्हणजे नापास होणे. मग तो इंजिनाचा जोर वाढवी आणि नाक मात्र फारसे खाली जाऊ देत नसे. २०१२ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने आपल्या मार्गदर्शनात हा क्रम बदलला. आधी कोन कमी करा, उंची जाईल तेवढी जाऊ द्या, बाकीचे नंतर, असा नवा पाठ आला. इतर देशांतील शिक्षणही त्याच दिशेने गेले. शंभर-दोनशे फूट वाचविण्याच्या सवयीपायी हजारो फूट गमावले जाऊ शकतात, हे मान्य करण्यास एवढी किंमत मोजावी लागली.

पेढीवर बसणाऱ्यांना या पाठाचे मोल वेगळे सांगावयास नको. हंगाम उलटून गेलेला माल थोडा तोटा सोसून मोकळा करणारा व्यापारी पुढील हंगामाला उभा राहतो. खरेदीच्या भावाखाली विकणार नाही, असा हट्ट धरून व्याजाच्या पैशांवर तो सांभाळणारा शेवटी मालही गमावतो आणि पतही. तोटा परवडण्यासारखा असतो तेव्हा तो मनाला पटत नाही, आणि पटतो तेव्हा परवडण्यासारखा उरत नाही. पर्युषणात दहा धर्मांचे चिंतन होते, तेव्हा क्षमेच्या पाठोपाठ मार्दवाचा क्रम येतो. मान या कषायाला नमविणारी ती नम्रता आहे. नमणे म्हणजे हार मानणे, असे मानी मनाला वाटते. पंखाचे शास्त्र त्याच्या उलट साक्ष देते. जो वेळेवर नमतो, त्यालाच हवा पुन्हा उचलून घेते.

विमानाने प्रवास करणाऱ्या कुटुंबांनी मात्र या माहितीने भयभीत होण्याचे कारण नाही. पावसाळी ढगांतून उतरताना विमान हेलकावे खाते, एकदम खाली गेल्यासारखे वाटून पोटात गोळा येतो, तो स्टॉल नसतो. ती हवेची खळबळ असते, आणि स्टॉलची मर्यादा तेव्हा सहसा पुष्कळ दूर असते. प्रवासी विमानाच्या नित्याच्या उड्डाणात स्टॉल ही अत्यंत विरळ घटना आहे, आणि ती विरळ राहावी म्हणूनच वैमानिकांना तिचा सराव दिला जातो.

बारामती आणि गोंदियासारख्या ठिकाणी आज आपल्या राज्यातील मुले-मुली विमान चालविण्याचे शिक्षण घेतात. त्यांतील काही व्यापारी घरांतूनही आलेली असतील. पहिल्यांदा एकट्याने उडण्यापूर्वी प्रत्येकाला शिक्षकासोबत सुरक्षित उंचीवर जाऊन विमान मुद्दाम स्टॉल करावे लागते. इंजिनाचा जोर कमी होतो, नाक वर जाते, पंखातील सूर वाजू लागतो, विमान थरथरते आणि नाक आपोआप झुकू लागते. त्या क्षणी विद्यार्थ्याने दांडा पुढे करायचा असतो. समोरच्या काचेतून आकाश जाऊन शेतजमीन दिसू लागते, छातीत धस्स होते, दोन-तीनशे फूट उंची खर्ची पडते. मग पंख पुन्हा हवेवर टेकतो, विमान ताब्यात येते आणि गेलेली उंची थोड्याच वेळात भरून निघते. हे पुन्हा पुन्हा करून घेतले जाते, हात बुद्धीचे ऐकू लागेपर्यंत.